इलेक्ट्रॉनांचे द्वारपाल

नागपूर शहराच्या महाल या भागात एक जुना दरवाजा आजही उभा आहे. पूर्वी त्याला जुम्मा दरवाजा म्हणत. आता त्याला गांधीद्वार म्हणतात. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळी या शहराला तट होता व त्या तटाला असे दरवाजे होते. पुढे भोसल्यांचे राज्य आले आणि त्यांच्या राजवाड्यावरून या वस्तीला महाल हे नाव पडले. काळाच्या ओघात तट नाहीसा झाला; दरवाजा मात्र राहिला.

दरवाजाचे काम थोडक्यात सांगता येते. हव्या त्याला आत घ्यावे आणि नको त्याला बाहेर ठेवावे. हे काम दिसायला साधे आहे. परंतु त्यासाठी द्वारपाल जागरूक असावा लागतो आणि भिंत पक्की असावी लागते. भिंतीलाच भोके पडली, तर द्वारपाल कितीही दक्ष असला तरी त्याचा काय उपयोग?

आज या दरवाजाखालून जाणाऱ्या कितीतरी माणसांच्या खिशात कोट्यवधी दरवाजे असतात, असे कोणी म्हटले तर तुम्हांला हसू येईल. पण ते खरे आहे. मोबाइल फोनमध्ये सिलिकॉन नावाच्या पदार्थाचा नखाएवढा एक तुकडा असतो. त्याला चिप म्हणतात. अशा एखाद्या उत्तम चिपवर आज एक हजार कोटींहूनही अधिक अतिसूक्ष्म दरवाजे घडवलेले असतात. त्यांतून माणसे ये-जा करीत नाहीत. इलेक्ट्रॉन ये-जा करतात. ज्या भागाच्या हुकमाने ते अडतात किंवा पुढे सरकतात, त्याला इंग्रजीत ‘गेट’ म्हणजे दरवाजा असेच नाव आहे. हे दरवाजे कसे निर्माण झाले, ते लहान करता करता कोणता पेच उभा राहिला, आणि त्या पेचामागचे कारण ओळखल्यावर एकेका इलेक्ट्रॉनाला ताब्यात ठेवण्याची विद्या कशी हाती आली, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात आणि प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन नावाचे विद्युत्कण असतात. इ. स. १८९७ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन या शास्त्रज्ञाने त्यांचा शोध लावला. प्रत्येक इलेक्ट्रॉनावर ऋण विद्युतभार असतो आणि तो सर्व इलेक्ट्रॉनांवर अगदी सारखा असतो. समान भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात. म्हणून दोन इलेक्ट्रॉनांना एकमेकांचा शेजार रुचत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

तारेतून वीज वाहते, म्हणजे असे असंख्य इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकत असतात. तारेतून एक अँपिअर एवढा प्रवाह वाहत असेल, तर तिच्यातील कोणत्याही एका ठिकाणावरून दर सेकंदाला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या सहावर अठरा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही थोडी अधिक असते. यात्रेच्या गर्दीत एकट्या माणसाचे पाऊल ओळखू येत नाही, तद्वत या लोंढ्यात एकट्या इलेक्ट्रॉनाचा मागमूसही लागत नाही.

तांबे, चांदी यांसारख्या धातूंतून इलेक्ट्रॉन सहज वाहतात. त्यांना वाहक म्हणतात. रबर, काच यांतून ते जवळजवळ वाहतच नाहीत. त्यांना विरोधक म्हणतात. या दोहोंच्या मध्ये काही पदार्थ आहेत, जे कधी वाहकासारखे वागतात तर कधी विरोधकासारखे. सिलिकॉन व जर्मेनियम हे अशा पदार्थांपैकी होत. त्यांना अर्धवाहक म्हणतात. शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारच थोडी वाहते. पण त्याच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एखादा अणू मिसळला, तरी त्याची वाहकता कितीतरी वाढते. चिमूटभर विरजणाने जसे पातेलेभर दुधाचे दही होते, तसाच हा प्रकार आहे. वाहक सदैव उघडा असतो, विरोधक सदैव बंद असतो; अर्धवाहकाला मात्र आपण इच्छेप्रमाणे उघडू व मिटू शकतो. त्याचे सारे महत्त्व यातच आहे.

अर्धवाहकाचा हा गुण कामी लावणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत आपल्या देशातील एका थोर पुरुषाची गणना होते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याला गॅलेना नावाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युत्-लहरी ओळखणारे उपकरण तयार केले. त्याच्या एकस्वासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज करण्यात आला आणि १९०४ मध्ये ते मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणाला मिळालेले ते जगातील पहिलेच एकस्व मानले जाते.

तरीही पुढील अनेक वर्षे इलेक्ट्रॉनांवर हुकमत चालवण्याचे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत होते. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून टाकलेला, दिव्यासारखा दिसणारा काचेचा फुगा. त्यातील तार तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि मधल्या जाळीवर विजेचा दाब कमीअधिक करून त्यांना अडवता किंवा सोडता येते. भारतात घडवलेला पहिला मोठा संगणक अशाच व्हॉल्व्हांवर चालत असे. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईला, आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. १९६० मध्ये तो काम करू लागला आणि पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह आणि १,७०० जर्मेनियमचे डायोड होते. एवढे दिवे एकाच दालनात तापू लागल्यावर काय होत असेल, त्याची कल्पना करा! प्रत्येक व्हॉल्व्हची तार सतत तापलेली ठेवावी लागे. त्यामुळे वीज फार खर्च होई. शिवाय एखादा व्हॉल्व्ह निकामी झाला, तर तो शोधून बदलावा लागे.

यावर उपाय अर्धवाहकाने दिला. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यापासून ट्रान्झिस्टर तयार केला. विल्यम शॉक्ली हे त्या संशोधकगटाचे प्रमुख होते. या कार्यासाठी तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत, इजिप्तमध्ये जन्मलेले मोहम्मद अटाला आणि कोरियात जन्मलेले डॉन कांग यांनी सिलिकॉनचा एक नवा ट्रान्झिस्टर घडवला. आजच्या चिपमधील दरवाजे त्याच घराण्यातील आहेत.

या दरवाजाची रचना मोठी चतुराईची आहे. सिलिकॉनच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉन येतात आणि दुसऱ्या टोकाकडे जाऊ पाहतात. मधली वाट एरवी बंद असते. वाटेच्या वर काचेसारख्या पदार्थाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर गेट बसवलेले असते. हा आपला द्वारपाल. तो इलेक्ट्रॉनांना स्पर्श करीत नाही. त्याच्यावर धन विद्युतभार दिला की तो काचेच्या भिंतीआडूनच इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो. ते वाटेवर गोळा होतात आणि वाट वाहती होते. भार काढून घेतला की वाट पुन्हा बंद. तार तापवायला नको, काही हलवायला नको. वाट उघडी असेल तर एक आणि बंद असेल तर शून्य, अशी खूण ठरवली की याच दोन अंकांवर संगणक आपले सारे गणित चालवतो.

दरवाजा जितका लहान, तितके अधिक दरवाजे एका चिपवर मावतात. म्हणून अभियंते ते वर्षानुवर्षे लहान करीत गेले. येथे मोजमापासाठी मिलिमीटर कामाचा नाही. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या एका केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते. इ. स. २००० नंतरच्या काही वर्षांत द्वारपाल व वाट यांमधील काचेचा पापुद्रा अवघा १.२ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे जेमतेम पाच अणुथरांचा, झाला होता.

आणि येथेच पेच उभा राहिला. भिंत शाबूत होती. तिला एकही भोक नव्हते. तरीही इलेक्ट्रॉन तिच्या पलीकडे जाऊ लागले! त्यामुळे काम नसतानाही वीज खर्च होई आणि चिप तापत असे. व्हॉल्व्हांची उष्णता टाळण्यासाठी ज्याची निवड केली, तोच अर्धवाहक आता तापू लागला होता. भिंत आणखी पातळ केली असती, तर गळती अनेक पटींनी वाढली असती.

भिंत न फोडता इलेक्ट्रॉन पलीकडे कसा जातो? याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. इलेक्ट्रॉन हा केवळ कण नाही. १९२४ मध्ये फ्रान्समधील लुई द ब्रॉय यांनी असे प्रतिपादन केले की, प्रत्येक कणाला तरंगाचाही गुण असतो. आणि पुढे प्रयोगांनी ते खरे ठरले. चेंडू भिंतीवर आपटला की तो परत येतो. पण शेजारच्या घरातील तंबोऱ्याचा नाद भिंतीपलीकडेही मंद ऐकू येतो. भिंत जाड असेल तर तो नाद विरून जातो. पातळ असेल तर पोचतो. ही केवळ उपमा आहे, कारण इलेक्ट्रॉनाचा तरंग हा ध्वनीचा तरंग नव्हे. पण भिंत दोन-चार अणूंइतकी पातळ झाली की इलेक्ट्रॉनाचा तरंग तिच्या पलीकडेही थोडासा उरतो, आणि क्वचित इलेक्ट्रॉन तेथे सापडतो. इंग्रजीत याला ‘टनेलिंग’, म्हणजे बोगद्यातून जाणे, म्हणतात. मात्र येथे बोगदा कोणीही खणलेला नसतो.

अभियंत्यांनी गळती थांबवण्यासाठी भिंतीचा पदार्थच बदलला. २००७ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीने हाफ्नियम या धातूच्या ऑक्साइडची भिंत असलेल्या चिपा बाजारात आणल्या. ही भिंत जाड असूनही द्वारपालाची ओढ तिच्यातून पलीकडे चांगली पोचते. अशा रीतीने त्या वेळचा पेच सुटला. पण निसर्गाने मर्यादा दाखवून दिली होती. वस्तू पुरेशी लहान झाली की ती मोठ्या वस्तूची केवळ छोटी प्रतिकृती राहत नाही. तिचे नियमच वेगळे दिसू लागतात.

शास्त्रज्ञांच्या मनात याआधीच एक निराळा विचार आला होता. इलेक्ट्रॉनाचा तरंगस्वभाव आड येतो म्हणून कुरकुर करण्यापेक्षा त्याचाच उपयोग का करून घेऊ नये? इलेक्ट्रॉनाला चहूबाजूंनी बंद अशा इवल्याशा खोलीत ठेवले तर तो कसा वागेल? काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहकाच्या कणाला अशी खोली म्हणता येईल. त्याला ‘क्वांटम डॉट’ किंवा पुंजबिंदू म्हणतात. त्यात काहीशे ते काही हजार अणू असतात.

तंबोऱ्याच्या तारेची लांबी बोटाने दाबून कमी केली की स्वर चढतो, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच येथे घडते. खोली लहान केली की कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा चढते. आणि ऊर्जा बदलली की त्या कणातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइड या एकाच पदार्थाचे सुमारे सहा नॅनोमीटरचे कण तांबडा प्रकाश देतात, तर सुमारे दोन नॅनोमीटरचे कण निळा प्रकाश देतात. पदार्थ तोच, अणू तेच. केवळ आकार बदलल्याने रंग बदलला! रशियातील अलेक्सी एकिमोव्ह यांना हा परिणाम १९८० नंतरच्या वर्षांत रंगीत काचेत आढळला. अमेरिकेतील लुई ब्रूस यांना तो द्रवात तरंगणाऱ्या कणांत दिसला. १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे कण तयार करण्याची उत्तम रीत शोधली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातही हे कार्य झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्राध्यापिका सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस झिंक सल्फाइडसारख्या अर्धवाहकांचे नॅनोमीटर आकाराचे कण रासायनिक रीतीने तयार केले व त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास केला. या कणांत लोखंडाचा किंवा निकेलचा किंचित अंश मिसळला, तर त्यांचा प्रकाश मंदावतो, असे त्यांना दिसून आले. एवढ्याशा कणात एखादा परका अणू आला, तरी इलेक्ट्रॉनाचे वर्तन बदलते. म्हणून या शास्त्रात आकाराइतकीच शुद्धताही सांभाळावी लागते.

रंगाच्या या नवलाहूनही मोठे दुसरे एक नवल आहे. इवल्या खोलीच्या दोन्ही बाजूंना पातळ भिंती ठेवल्या आणि त्यांतून इलेक्ट्रॉनाला आत येऊ दिले, तर काय होईल? एक इलेक्ट्रॉन आत आला की तो दुसऱ्याला दूर लोटतो, हे आपण आरंभी पाहिले आहे. मोठ्या खोलीत या लोटण्याचे काही चालत नाही. इवल्या खोलीत मात्र ते इतके प्रबळ ठरते की, जणू एकाच पाहुण्याने ओसरी भरून जावी. दुसरा इलेक्ट्रॉन बाहेरच खोळंबतो. मग जवळच्या गेटवरील विजेचा दाब किंचित वाढवला की त्याला जागा होते आणि नेमका एकच इलेक्ट्रॉन आत येतो. आणखी वाढवला की आणखी एक. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात, तशी आतील इलेक्ट्रॉनांची संख्या एक, दोन, तीन अशी वाढत जाते. या उपकरणाला एक-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर म्हणतात. १९८७ मध्ये फुल्टन आणि डोलन यांनी बेल प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म तुकड्यावर तो करून दाखवला. पुढील दोन-तीन वर्षांत अर्धवाहकांतही असेच वर्तन दिसून आले. जे इलेक्ट्रॉन लोंढ्यात ओळखू येत नव्हते, ते आता एकेक करून मोजता येऊ लागले.

पण या द्वारपालाचा एक मोठा वैरी आहे. तो म्हणजे उष्णता. नागपूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो आणि माणसाचा जीव कासावीस होतो. इलेक्ट्रॉनांना मात्र आपला हिवाळाही तापलेलाच वाटतो. उष्णतेने त्यांना सतत धक्के बसतात, आणि अशा एखाद्या धक्क्यासरशी नको असलेला इलेक्ट्रॉन खोलीत घुसतो किंवा आतला बाहेर पडतो. म्हणून असे प्रयोग अतिशय थंड स्थितीत करतात. शून्याखाली सुमारे २७३ अंशांपेक्षा कमी तापमान असूच शकत नाही. या मर्यादेच्या अगदी जवळ जाण्यासाठी द्रवरूप हेलियम वापरतात. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २६९ अंश असते. दुसरा मार्ग म्हणजे खोली आणखी लहान करणे. खोली जितकी लहान, तितके इलेक्ट्रॉनाचे लोटणे प्रबळ, आणि तितका तो उष्णतेच्या धक्क्यांना अधिक दाद देईनासा होतो. परंतु मोजक्या नॅनोमीटरची खोली हवी तेथे, हव्या त्याच मापाची, आणि कोट्यवधी वेळा एकसारखी घडवणे हे फार कठीण काम आहे. म्हणून मोजत मोजत एकेक इलेक्ट्रॉन सोडणारी उपकरणे प्रयोगशाळेत उत्तम चालत असली, तरी ती अजून आपल्या घरातील यंत्रांत आलेली नाहीत.

जेथे टिफ्रॅक घडला, त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आज कुलाब्याला मंदार देशमुख आणि त्यांचे विद्यार्थी अतिसूक्ष्म रचनांतील इलेक्ट्रॉनांचा अभ्यास करतात. देशमुख यांनी मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिक्षण घेतल्यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात धातूच्या नॅनोमीटर आकाराच्या कणांत एकेक इलेक्ट्रॉन शिरताना काय घडते, याचे संशोधन केले. २०१५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यांच्या एका प्रयोगाची कथा ऐकण्यासारखी आहे. त्याच संस्थेतील अर्णब भट्टाचार्य यांच्या प्रयोगशाळेत इंडियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म तारा तयार करीत. तापलेल्या भांड्यात वायुरूप द्रव्ये सोडली की त्यांतून स्फटिकाच्या बारीक तारा, जणू गवताची पाती, उगवत. अशी एखादी तार उचलून तिची दोन्ही टोके धातूने जखडली आणि मधला भाग अधांतरी ठेवला, की ती वाद्याच्या तारेप्रमाणे कंप पावते. तिच्या खाली गेट असते. गेटवरील विजेचा दाब बदलला की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : तारेतील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, आणि तार खाली ओढली जाऊन तिचा सूर बदलतो. हा सूर आपल्या कानांना ऐकू येत नाही, कारण ती सेकंदाला कोट्यवधी कंपने करते. तो विजेच्या साहाय्यानेच टिपावा लागतो. या प्रयोगांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या तारेचा न ऐकू येणारा सूर लावणे म्हणजे धीराची केवढी परीक्षा!

अशा रचना करण्यासाठी धुळीचा कणही वर्ज्य असलेल्या खोल्या लागतात. आपल्या रस्त्यावरील धुळीचा एक कण त्या तारेपुढे डोंगराएवढा असतो. पवई येथील आय. आय. टी. मध्ये २००६ साली अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीचे केंद्र सुरू झाले. तेथे संशोधक डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख घालून काम करतात. देशातील इतर विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील संशोधकांनाही तेथे येऊन प्रयोग करता यावेत, अशी सोय करण्यात आली. अशी महाग यंत्रे प्रत्येक गावी नेता येत नाहीत. म्हणून ज्ञानाचा दरवाजा सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो.

एकेका इलेक्ट्रॉनाला ताब्यात ठेवून साधायचे काय? याचा एक उपयोग पुढील काळातील संगणकासाठी होऊ शकेल. इलेक्ट्रॉनाला ‘स्पिन’ नावाचा एक गुण असतो. पुंजबिंदूत कोंडलेल्या एका इलेक्ट्रॉनाच्या या गुणावर माहिती साठवता येते, आणि त्यावर चालणारे क्वांटम संगणक तयार करण्याचा प्रयत्न अनेक देशांत चालू आहे. भारत सरकारनेही २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. मात्र ही माहिती फार नाजूक असते. शेजारच्या अणूंच्या हालचालीनेही ती पुसली जाते. तसेच पुंजबिंदू दूरदर्शनसंचांच्या पडद्यांत सुंदर रंग देत असले, तरी त्यांतील कॅडमियम विषारी आहे. म्हणून त्याऐवजी इंडियम फॉस्फाइडसारखे पदार्थ वापरू लागले आहेत. लाभाबरोबर हानीचाही विचार करणे हे शास्त्राचे कर्तव्यच होय.

मुलांनो, या कथेतील एक गोष्ट विसरू नका. पातळ भिंतीतून होणारी गळती हा अभियंत्यांच्या दृष्टीने दोष होता. तिच्यामागे इलेक्ट्रॉनाचा जो तरंगस्वभाव आहे, त्याच्याच आधारे शास्त्रज्ञ एकेका इलेक्ट्रॉनाला इवल्या खोलीत आत घेऊ लागले. दोष दिसला की तो झाकून टाकणे सोपे असते. तो का घडतो असे विचारणे कठीण असते. भर उन्हाळ्यातही, न गोठवता, एकेक इलेक्ट्रॉन मोजून सोडणारा स्वस्त आणि भरवशाचा द्वारपाल अजून कोणालाही घडवता आलेला नाही. ते काम शिल्लक आहे. आणि ते करण्यासाठी मोठ्या यंत्रांच्या आधी शांत चित्त, अचूक मोजमाप आणि ‘असे का?’ हा प्रश्न यांचीच गरज आहे.

अभ्यास

१. वाहक, विरोधक व अर्धवाहक यांतील फरक पाठातील उदाहरणे देऊन सांगा.
२. गेटला लेखकाने द्वारपाल का म्हटले आहे? तो इलेक्ट्रॉनांना स्पर्श न करता वाट कशी उघडतो?
३. भिंतीला भोक नसतानाही इलेक्ट्रॉन पलीकडे कसे जातात?
४. पुंजबिंदूचा आकार बदलला की प्रकाशाचा रंग का बदलतो? तंबोऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. ‘असून नसल्यासारखा’, ‘जीव कासावीस होणे’, ‘दाद न देणे’ यांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.
६. एखाद्या दोषाचे कारण शोधताना नवे ज्ञान मिळाले, असे तुमच्या वाचनातील एक उदाहरण दहा ओळींत लिहा.